स्प्रूसच्या सावलीत काय लावावे?

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपूर्वी मिनियापोलिसच्या उपनगरात घर घेतले. मागच्या अंगणात सुमारे ४० फूट उंचीचा नॉर्वे स्प्रूस (सुईसारख्या पानांचा सदाहरित वृक्ष) आहे. आधीच्या मालकांनी त्याच्या खालच्या फांद्या कापून टाकल्यामुळे बुंध्याभोवती नुसती उघडी माती आणि सुयांचा थर दिसतो. पहिल्या वर्षी तिथे गवताचे बी टाकले, दुसऱ्या वर्षी झेंडू आणि मेथी लावून पाहिली, पण काहीच टिकले नाही. शेजारी सांगतात की सुयांमुळे माती आंबट झाली आहे, तेव्हा चुना टाका. चुना टाकावा का, आणि तिथे नेमके काय लावावे?
— एक वाचक, मिनेसोटा

उत्तर : चुना टाकू नका. स्प्रूसच्या हिरव्या सुया आम्लधर्मी असतात हे खरे, पण गळून कुजेपर्यंत त्यांची आम्लता बरीचशी संपते आणि अंगणातल्या मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) त्यामुळे लक्षात येण्याइतका बदलत नाही. शंका असेल तर मिनेसोटा विद्यापीठाच्या माती-परीक्षण प्रयोगशाळेकडे नमुना पाठवा. सामू कमी निघाला तरीही स्प्रूसच्या मुळांवर चुना पसरण्याची घाई नको, कारण या झाडाला किंचित आम्ल मातीच मानवते.

तुमची रोपे आंबटपणाने नव्हे, तहानेने गेली. स्प्रूसची बहुतेक तंतुमुळे जमिनीच्या वरच्या फूटभर थरातच पसरलेली असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्याही बराच बाहेरपर्यंत जातात. वरून पडणारी पावसाची हलकी सर दाट फांद्याच अडवून धरतात. सर येऊन गेल्यावर बुंध्यापासून तीन फुटांवरच्या मातीत बोट खुपसून पाहा, ती बहुधा कोरडीच लागेल. मेपलसारख्या पानगळी झाडाखाली वसंतात, पाने फुटण्याआधीचे काही आठवडे तरी ऊन पोहोचते; स्प्रूसखाली तीही सवलत नाही. कोकणातल्या सुरूच्या बनातून आपण चाललेले असतो, तेव्हा पायाखाली सुयांसारख्या काड्यांचा मऊ थर लागतो आणि त्यात फारसे काही उगवलेले दिसत नाही, ते चित्र डोळ्यांपुढे आणा. उलट नारळी-पोफळीच्या वाडीत मिरी, जायफळ आणि अननस गुण्यागोविंदाने वाढतात, त्याचे श्रेय विरळ सावलीला आणि नेमाने होणाऱ्या शिंपण्याला आहे. म्हणून स्प्रूसच्या शेजारासाठी झाड निवडताना ‘आंबट माती चालेल का’ यापेक्षा ‘कोरडी सावली चालेल का’ हा प्रश्न रोपवाटिकेत आधी विचारावा.

या कसोटीला उतरणारी माझी पहिली पसंती एपिमेडियमला आहे. तारेसारख्या बारीक देठांवर हृदयाकृती पाने आणि वसंतात नाजूक फुले येणारी ही वनस्पती पहिली दोन-तीन वर्षे जागची हलत नाही, आणि पुष्कळ लोक याच काळात कंटाळून तिला उपटून टाकतात. एकदा जम बसला की मात्र ती कोरड्या सावलीत वर्षानुवर्षे टिकते. तुमच्याकडच्या थंडीसाठी तिचा ‘रुब्रम’ हा प्रकार मागा. तिच्या बरोबरीने बिगरूट जिरेनियम लावता येईल. आपण गॅलरीतल्या कुंडीत ज्याला जिरेनियम म्हणतो ते हे नव्हे. याचे जाड खोड जमिनीलगत आडवे पसरते आणि त्यामुळे ते कोरड सोसते. पाने चुरगळली की उग्र वास येतो, म्हणून हरणेही सहसा तोंड लावत नाहीत. हिरवळच हवी असेल तर पेन्सिल्व्हेनिया सेज हे अमेरिकेतलेच, गवतासारखे दिसणारे रोप घ्या, कापणीची कटकट राहत नाही. नेच्यांमध्ये ख्रिसमस फर्न आणि मार्जिनल वुड फर्न हे दोन कणखर आहेत, पण त्यांना घेराच्या कडेला, थोडा ओलावा मिळेल तिथे जागा द्यावी. वाइल्ड जिंजर हीसुद्धा सावलीतली देखणी स्थानिक वनस्पती आहे, मात्र नाव आल्याचे आहे म्हणून तिचा कंद चहात घालू नका. त्यात मूत्रपिंडांना अपाय करणारे ॲरिस्टोलोकिक आम्ल असते. होस्टा सगळेच सुचवतील. तो जगतो, पण कोरड्या जागी खुरटा राहतो आणि हरणांचा तो आवडता घास आहे. इंग्लिश आयव्ही, व्हिन्का आणि गाउटवीड ही तिन्ही झपाट्याने जागा व्यापतात खरी, पण पुढे आवरता येत नाहीत, तेव्हा त्यांच्या वाटेला जाऊ नये.

स्प्रूसच्या जंगलात जे उगवते तेच लावावे, असा सल्लाही तुम्हाला मिळेल. तो ऐकायला पटतो, पण उत्तर मिनेसोटातल्या स्प्रूसखाली पांढऱ्या फुलांचा गालिचा पसरणारी बंचबेरी तिथे वाढते ती थंड, शेवाळलेल्या, सदा दमट जमिनीच्या जोरावर. शहरातल्या अंगणात जुलैच्या उन्हाळ्यात ती करपून जाण्याचीच शक्यता अधिक.

आता लागवडीविषयी, कारण चुका बहुधा इथेच होतात. मुळे आड येतात म्हणून बुंध्याभोवती सहा-आठ इंच नवी माती ओतून वाफा करण्याचा मोह टाळा. त्या थराखाली तंतुमुळांना हवा मिळत नाही आणि काही वर्षांनी झाडच सुकू लागते. बुंध्यालगतची तीन-चार फूट जागा सुयांच्या थरासह तशीच सोडा. तो थर म्हणजे केर नव्हे, फुकटचे आच्छादन आहे. त्यापलीकडे कुदळ न चालवता हातखुरप्याने मुळांमधल्या मोकळ्या फटी शोधा, अंगठ्याएवढे जाड मूळ लागले तर खड्डा थोडा सरकवा, आणि मोठ्या कुंडीतल्या रोपांऐवजी तीन-चार इंची कुंडीतली लहान रोपे लावा, कारण लहान खड्ड्यात लहान रोपच लवकर रुजते. मेचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबरचा आरंभ हा तुमच्याकडे योग्य काळ. पहिली दोन वर्षे पाऊस नसेल त्या आठवड्यात सुमारे इंचभर पाणी सावकाश मुरू द्या. जमीन गोठण्यापूर्वी ऑक्टोबरात एकदा भरपूर पाणी दिले तर ते स्प्रूसलाही हवे असते. सदाहरित झाडाच्या सुया हिवाळ्यातल्या वाऱ्यानेही सुकतात.

मेथी आणि झेंडू यांना किमान सहा तास ऊन लागते, तेव्हा ती या जागी पुन्हा लावू नका. स्प्रूसजवळ मातीचा उंच वाफा केलात तर त्याची मुळे खालून त्यात शिरतील. त्यापेक्षा दक्षिणेकडच्या पायरीवर कुंड्या ठेवा. आणि उरलेल्या खालच्या फांद्या कृपा करून कापू नका. स्प्रूसला जुन्या लाकडावर नवा फुटवा येत नाही, त्यामुळे गेलेली फांदी कायमचीच गेली.

प्रश्न : न्यू जर्सीत आमच्या दारात १५ फुटी निळा स्प्रूस आहे. त्याच्या पायथ्याशी हायड्रेंजियाची गोल रांग लावावी आणि पाण्यासाठी तुषार फवारे बसवावेत असा विचार आहे. मात्र गेल्या वर्षापासून खालच्या फांद्यांच्या आतल्या सुया जांभळट-तपकिरी होऊन गळत आहेत. याचा लागवडीशी संबंध आहे का? कुंपणाला डग्लस फर लावली तर चालेल का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : आधी रोग ओळखा. गळणाऱ्या सुया भिंगाखाली धरून पाहा. त्यांवर बारीक काळ्या ठिपक्यांच्या सरळ ओळी दिसल्या तर ती रायझोस्फेरा नावाची बुरशी असण्याची दाट शक्यता आहे. ती खालून वर चढते आणि ओल्या सुयांवर फोफावते. निळा स्प्रूस मूळचा रॉकी पर्वतातल्या कोरड्या हवेचा, कोलोरॅडोचा तो राज्यवृक्ष आहे. न्यू जर्सीची दमट हवाच त्याला पुरेशी जाचक असताना वर फवाऱ्याचे पाणी नको. हायड्रेंजियाला पाणी भरपूर लागते आणि तिची दाट रांग पायथ्याची हवाही अडवते, म्हणून हा बेत रद्द करावा हे उत्तम. तिला घराच्या पूर्वेला स्वतंत्र जागा द्या.

स्प्रूसच्या घेराबाहेर, उन्हाच्या बाजूला, कमी पाण्यावर भागवणारी झाडे शोभतील : कॅटमिंट, कोनफ्लॉवर, सेडम आणि शरदात तांबूस होणारे लिटल ब्लूस्टेम गवत. घेर आणि रोपे यांच्यात चार फूट मोकळे ठेवा, कारण झाड अजून रुंद होणार आहे. पाणी ठिबक नळीनेच द्यावे.

डग्लस फर नको. कूली स्प्रूस गॉल ॲडेल्जिड ही बारीक कीड या दोन झाडांवर आलटून-पालटून आपले जीवनचक्र पुरे करते आणि निळ्या स्प्रूसच्या कोवळ्या शेंड्यांवर अननसासारख्या गाठी आणते. एकटादुकटा स्प्रूसही तिच्यापासून पूर्ण सुरक्षित नसतो, पण दोघांना शेजारी लावून तिची सोय आपणच का करावी? गाठी हिरव्या असतानाच कापून टाका. तेलाची फवारणी करू नये, कारण सुयांचा निळेपणा हा त्यांवरच्या मेणाच्या थराचा असतो आणि तेलाने तो थर निघून सुया साध्या हिरव्या दिसू लागतात.

प्रश्न : पुण्यात रोपवाटिकेतून ‘स्प्रूस’ म्हणून आणलेले झाड अंगणात आठ फूट झाले आहे. त्याच्याभोवती काय लावावे?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : पुण्यात नाताळच्या सुमारास या नावाने मिळणारे झाड बहुतेक वेळा अरोकेरिया असते. स्प्रूसची सुई एकेकटी, छोट्या खुंटीवर बसलेली आणि चौकोनी असते, म्हणून ती बोटांत सहज फिरते. अरोकेरियाच्या फांद्या मजल्यामजल्याने आडव्या निघतात आणि पाने आतल्या बाजूला वळलेली, एकमेकांना बिलगून असतात. अरोकेरियाखाली स्प्रूसइतकी दाट सावली पडत नाही, तेव्हा सिंगोनियम, रिबन ग्रास किंवा स्पायडर लिली बिनदिक्कत लावा. मात्र हे झाड पुढे बरेच उंच होते, म्हणून भिंतीपासून किंवा विजेच्या तारेपासून ते किती अंतरावर आहे हे आजच मोजून घ्या.