ईआरजीच्या आधी अर्धा तास अंधारात बसवतात, तेवढं खरंच लागतं का?

तुम्ही विचारलंय की आईला ईआरजी, म्हणजे उजेडाने डोळ्याच्या पडद्यात उठणारी वीज मोजायची टेस्ट, सांगितलाय, बंद अंधाऱ्या खोलीत तिचा जीव घाबरतो, तर तो अंधारातला वेळ कमी करून मिळेल का, आणि पडद्यातल्या नसांच्या पेशी उजेडाला काय उत्तर देतात ते मोजतात तरी कसं. पहिल्याचं उत्तर नाही. मागू नका, आणि कुणी आपणहून "पाच मिनिटांत उरकतो" म्हणालं तर करूनही घेऊ नका. मी अकरा वर्षं हीच टेस्ट करतेय, त्यातली पहिली तीन कोकणात, आणि या एका गोष्टीवरून तिथे जेवढी भांडले तेवढी घरातसुद्धा कधी भांडलेली नाही.

मोजतात ते असं. खालच्या पापणीच्या आत केसासारखा बारीक, चांदी चढवलेला दोरा ठेवतो, एक इलेक्ट्रोड कानशिलाजवळ, एक कपाळावर. समोर पांढरा घुमट असतो त्यात तोंड घालून बसायचं, आत फ्लॅश पडतो आणि पडद्यातून जी वीज उठते ती त्या दोऱ्यावर येते. शंभर-दोनशे मायक्रोव्होल्ट, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या सेलचा दहा हजारावा भाग धरा. एवढ्याशा सिग्नलवर एसीची, इन्व्हर्टरची घरघर चढते, आणि आमच्याकडे खारी हवा कनेक्टर खाऊन टाकायची, ते सारखे घासत बसायला लागायचे. आलेखात आधी एक खड्डा पडतो, ती ए वेव्ह, उजेड पकडणाऱ्या रॉड आणि कोन पेशींची. मग वर चढते ती बी वेव्ह, त्यांच्या पुढच्या बायपोलर पेशींची. बेडकाच्या डोळ्यातली ही वीज होल्मग्रेनने १८६५ सालीच पकडली होती, त्यामुळे यात नवीन काही नाही, नवीन फक्त मशीन.

आता अंधार. एका डोळ्यात साधारण १२ कोटी रॉड आणि ६० लाख कोन असतात, आणि रात्रीचं बघणं सगळं रॉडवर. उजेडाने रॉडमधलं रोडॉप्सिन, म्हणजे उजेड पकडणारं रंगद्रव्य, फुटतं, ते परत भरून यायला वेळ लागतो. कोन दहाएक मिनिटांत सावरतात, रॉडना अर्धा तास जातो. म्हणून किमान २० मिनिटं असं स्टँडर्ड आहे, आणि त्याआधी डॉक्टरांनी जोराचा लाइट मारून पडदा बघितला असेल किंवा फोटो काढले असतील तर आधी निदान ३० मिनिटं खोलीतल्या साध्या उजेडात थांबवून मग हा अंधार. घाई केलीत तर रॉड जिवंत असूनसुद्धा आलेखावर मेलेले दिसतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. एप्रिलातली दुपार होती, देवगडच्या बाजूचा एकोणीस वर्षांचा मुलगा आला, वडलांच्या बोटीवर जाणारा. रात्री जेटीवरचे लाइट फुटल्यासारखे दिसतात म्हणायचा. त्याच्या मामाला आरपी, हा घराण्यात चालणारा पडद्याचा आजार, म्हणजे आधी रातांधळेपणा आणि मग हळूहळू सगळंच गेलं, त्यामुळे आईने धसका घेतलेला. सरांनी, म्हणजे तिथल्या डॉक्टरांनी, लाइट मारून दोन्ही पडदे नीट बघितले, फोटो काढले आणि माझ्याकडे पाठवला. मी म्हटलं अर्धा तास बसवते. सर म्हणाले बाहेर माणसं किती बसलीयेत बघ, पाच मिनिटं पुष्कळ झाली. मी नवीन होते, गप्प बसले. मंद फ्लॅशला आलेख सपाट आला. रिपोर्टवर आरपीची सुरुवात असं लिहिलं गेलं, तेही मामाच्या जोरावर.

वडील मला दारात गाठून म्हणाले, "बाय, माझ्या झिलाक आता दर्यार धाडूचा नाय काय?" मला उत्तर देता येईना. मुलगा मात्र चिडलेला. म्हणाला, "माका दिसता. जाळा ओढताना पाणी निळा पेटता ना, ता माका दिसता. मामाक ता कधीच दिसाक नाय." किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको, काळोख्या रात्री पाणी ढवळलं की ते कसं चमकतं. तो उजेड इतका मंद असतो की रॉड गेलेल्या माणसाला दिसणं कठीणच. ही गोष्ट तो आत सरांनासुद्धा म्हणाला होता, कुणी ऐकून घेतली नाही. मीही नाही.

मी त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बोलावलं, ओपीडी सुरू व्हायच्या आधी. खिडकीला काळा कागद, मंद लाल बल्ब, मोबाइल वडलांकडे. वीसेक मिनिटं झाली असतील, मुलगा म्हणाला, दाराच्या खालना उजेड येता. मी नुकतीच बाहेर जाऊन आले होते, मला काही दिसेना. वाकून हात लावला तर खरंच फट होती. तिथे टॉवेल कोंबला, आणखी पंधरा मिनिटं थांबले, मग दोरा ठेवला. त्याच मंद फ्लॅशला दोन्ही डोळ्यांत बी वेव्ह अशी उभी राहिली की मी तीनदा परत फ्लॅश मारून खात्री केली. मग नंबर तपासला तर चांगला मायनस निघाला, चष्मा कधी लागलाच नव्हता, लाइट फुटायचे ते त्याने.

सर आलेख बघून म्हणाले, काल दोरा नीट बसला नसेल. दोरा नीट बसला होता. कोनचा ३० हर्ट्झचा फ्लिकर, म्हणजे सेकंदाला तीस वेळा लुकलुकणाऱ्या लाइटचा आलेख, काल त्याच दोऱ्यावर व्यवस्थित आला होता, दोरा सरकला असता तर तोही पडला असता. हे मी तेव्हा बोलले नाही. रिपोर्ट गुपचूप बदलला, त्या बापाला कुणी सॉरी म्हणालं नाही, आणि पुढच्याच आठवड्यात परत पाच मिनिटं सुरू झाली. म्हणून मी ती नोकरी सोडली.

एकेका पेशीचं मोजता येतं का हेही विचारलंय तुम्ही. लॅबमध्ये येतं, पेशंटच्या डोळ्यात असं नाही. १९७९ मध्ये भेकाच्या एकेका रॉडचं टोक काचेच्या बारीक नळीत ओढून एका फोटॉनला येणारं उत्तर मोजलं गेलं. गंमत म्हणजे रॉडमध्ये करंट अंधारात चालू असतो, उजेड पडला की तो कमी होतो. आईच्या टेस्टशी त्याचा संबंध नाही, तिथे सगळ्या पडद्याचं मिळून एकच उत्तर येतं.

आणि म्हणूनच एक सांगायला हवं, साधा ईआरजी नॉर्मल आला म्हणजे डोळा ठीक असं नसतं. मधल्या मॅक्युलातला छोटा बिघाड त्यात लपतो, त्याला मल्टिफोकल ईआरजी करतात, त्यात पडद्याचे छोटे छोटे भाग वेगळे मोजतात. काचबिंदूत गँगलियन पेशी, म्हणजे पडद्यातून मेंदूकडे निरोप नेणाऱ्या, मरतात तरी हा आलेख बहुतेक चांगलाच असतो. आरपी आहे की नाही हेही एका कागदावरून ठरवू नये, तुमच्या डॉक्टरांना बाकीचं सगळं माहीत असतं, मला नाही.

आईचं म्हणाल तर आधीच फोन करून विचारा की नातेवाइकाला आत बसू देतात का. मी तरी देते. लाल बल्ब असतो, मिट्ट काळोख नसतो. तिचा हात धरून बसा, गप्पा मारा. तुमचा मोबाइल आणि चमकणारं घड्याळ बाहेर ठेवा, आणि पडदा तपासून झाल्यावर लगेच आत नेत असतील तर किती वाजता लाइट मारला ते त्यांना सांगा.