संघटनेची योजना आणि विमा यांतला फरक

प्रश्न : मी मिरजेत गेली एकवीस वर्षे अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून शस्त्रक्रिया करतो. रुग्णांच्या भरपाईच्या दाव्यांपासून संरक्षण देणाऱ्या, डॉक्टरांच्या एका संघटनेच्या योजनेचा मी सभासद आहे आणि त्यासाठीच विमा कंपनीची व्यावसायिक दायित्व पॉलिसीही दरवर्षी घेतो. दोन वर्षांत निवृत्त होण्याचा विचार असल्याने आता पॉलिसी बंद करून केवळ योजना ठेवली तर चालेल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : पॉलिसी इतक्यात बंद करू नये. विमा कंपनीवर भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाचे नियंत्रण असते आणि पॉलिसीच्या अटींत बसणारी रक्कम मागणे हा आपला करारातला हक्क असतो. संघटनेच्या योजनेत मात्र मदत द्यायची की नाही, हे पुष्कळदा समितीच्या मर्जीवर सोडलेले असते. आपल्या योजनेची नियमावली काढून त्यात ‘देईल’ असे लिहिले आहे की ‘देऊ शकेल’, एवढे आधी पाहावे. या एका क्रियापदाचे मोल ब्रिटनमधील रुग्णांना पुरते कळले. इयान पॅटरसन हा स्तनशल्यचिकित्सक अनावश्यक शस्त्रक्रियांबद्दल २०१७ मध्ये दोषी ठरला, तेव्हा त्याला संरक्षण देणाऱ्या संस्थेने आपला स्वेच्छाधिकार वापरून हात काढून घेतला. तेथे २०१४ पासून वैद्यकीय व्यावसायिकांना संरक्षण घेणे कायद्याने बंधनकारक आहे, तरीही हे घडले. फेब्रुवारी २०२० च्या चौकशी अहवालाने या संरक्षणाच्या नियमनात तातडीने सुधारणा करण्याची शिफारस केली. (अर्थात, गुन्हेगारी कृत्य विमा पॉलिसीतूनही वगळलेलेच असते, हे विसरू नये.) योजना निरुपयोगी आहे असे मात्र मी म्हणणार नाही, कारण नोटीस आल्यावर वैद्यकीय बाजू जाणणारा वकील आणि तज्ज्ञांचे मत तिथे लवकर मिळते.

निवृत्तीचा मुद्दा अधिक नाजूक आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवले आहे. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असली, तरी सबळ कारण असल्यास ग्राहक आयोग विलंब माफ करू शकतो. या पॉलिसी बहुधा ‘क्लेम्स-मेड’ पद्धतीच्या असतात, म्हणजे शस्त्रक्रिया कधी झाली एवढ्यावर भागत नाही, तर दावा दाखल होताना पॉलिसी चालू असावी लागते आणि ती घटना पॉलिसीतील पूर्वलक्षी तारखेनंतरची (ज्या तारखेपासूनच्या घटनांना पॉलिसी लागू होते, त्या तारखेनंतरची) असावी लागते. म्हणून शेवटच्या महिन्यात बसवलेल्या खुब्याच्या सांध्याबद्दल निवृत्तीनंतर वर्षभराने नोटीस आली आणि पॉलिसी तोवर संपलेली असली, तर इतक्या वर्षांचे हप्ते कामी येणार नाहीत. मध्येच खंड पडला, तर नवी कंपनी जुनी पूर्वलक्षी तारीख मान्य करीलच असे नाही. निवृत्तीनंतर दावे कळवण्याची वाढीव मुदत मिळते का, हे कंपनीला लेखी विचारावे. एजंटाचे तोंडी ‘होईल, साहेब’ पुरेसे नाही.

आपले स्वतःचे रुग्णालय असेल, तर परिचारिका आणि इतर कर्मचाऱ्यांच्या चुकीची जबाबदारी डॉक्टरच्या वैयक्तिक पॉलिसीत आपोआप येत नाही. त्यासाठी रुग्णालयाची वेगळी पॉलिसी लागते.