६८ वर्षांच्या आईला घेऊन चेरी ब्लॉसमच्या दिवसांत जपान कसं बघावं?

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ६८, गुडघे दुखतात, त्या शाकाहारी आहेत, हाताशी दहा दिवस आहेत आणि टोकियो, क्योटो, ओसाका, हिरोशिमा, फुजी असं सगळंच करायचंय. मी २०२४ मध्ये आईला घेऊन गेले होते, तेव्हा ती ७१ वर्षांची होती. म्हणून आधीच सांगते, मुक्काम दोनच शहरांत ठेवा आणि दिवसाला एकच जागा धरा. साकुरा, म्हणजे चेरीची फुलं, बघायला फिरावं लागत नाही, झाडाखाली बसावं लागतं. जपानी माणसंही तेच करतात, चटई टाकतात आणि तासन् तास बसतात.

हे मला पहिल्या दिवशी कळलं नव्हतं. सकाळी उएनो पार्क, दुपारी असाकुसाचं देऊळ, संध्याकाळी मेगुरो नदी असा बेत मी आखला होता. नकाशावर सगळं जवळ दिसतं. पण टोकियोत एका गाडीतून उतरून त्याच स्टेशनात दुसरी गाडी पकडायची तरी दहा दहा मिनिटं चालावं लागतं. लिफ्ट असते, पण ती बहुधा एखाद्याच दाराशी. आपण दुसऱ्याच दाराकडे गेलो तर समोर जिने. आई दिवसभर एका शब्दाने काही बोलली नाही. रात्री खोलीवर आल्यावर बूट काढताना तिने भिंतीला हात टेकला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. उजवा गुडघा सुजला होता. दुसरा दिवस खोलीतच गेला, आणि तो माझ्या चुकीमुळे गेला याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून मी रोज रात्री उद्याच्या स्टेशनात लिफ्ट कुठल्या दाराला आहे ते बघून ठेवायचे. स्टेशनांचे नकाशे ऑनलाइन मिळतात, त्यात लिफ्टची खूण असते. तुम्हीही एवढं कराच. विमानाचं तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा. माझी आई आधी तयार नव्हती, "मला काय झालंय?" म्हणाली. पण विमानतळावरच्या लांबलचक रांगा चुकल्या तेव्हा परतीच्या वेळी तिनेच आठवण केली. टोकियोतल्या शिन्जुकु ग्योएन बागेतही व्हीलचेअर मिळते. ज्येष्ठांना तिथे तिकीटही निम्मं आहे, वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा.

आता तारखांचं. सगळ्यांत जास्त जीव टांगणीला लागतो तो इथे. टोकियोत फुलं उमलल्याची घोषणा यासुकुनी देवळाच्या आवारातल्या एका ठरलेल्या झाडावरून होते. त्यावर पाच-सहा फुलं उमलली की हवामान खातं मोसम सुरू झाल्याचं जाहीर करतं. साधारण आठवड्याभरात झाड पूर्ण फुलतं, आणि पुढच्या आठवड्यात पाकळ्या गळायला लागतात. टोकियोची सरासरी तारीख २४ मार्च. पण २०२३ मध्ये १४ मार्चलाच घोषणा झाली आणि २०२४ मध्ये थेट २९ मार्चला. आम्ही २७ला पोचलो होतो, म्हणजे पहिल्या दिवशीच्या त्या सगळ्या पायपिटीत आम्हाला नुसत्या कळ्या दिसल्या.

झाडं इतकी एकदम का फुलतात, तर शहरांत जी लावलेली असतात ती बहुतेक सोमेइ योशिनो या एकाच जातीची, आणि ती सगळी कलमं. बियांपासून नाही, एकमेकांच्या फांद्यांवरून वाढवलेली. त्यामुळे एका गावातली सगळी झाडं एकाच आठवड्यात फुलतात आणि एकाच आठवड्यात रिकामी होतात. यावरचा उपाय म्हणजे मागेपुढे फुलणाऱ्या जातींच्या जागा माहीत असणं. क्योटोच्या जुन्या राजवाड्याच्या बागेत, म्हणजे क्योटो ग्योएनमध्ये, कोनोए तळ्याच्या काठी खाली झुकणाऱ्या फांद्यांची झाडं आहेत, ती इतरांच्या आधी फुलतात. सपाट जागा, तिकीट नाही. खाली खडी आहे, तेवढं फक्त व्हीलचेअरला अवघड. उशीर झालाच तर क्योटोतल्याच निन्नाजी देवळातली ओमुरो साकुरा बघा. ही झाडं बुटकी असतात, फुलं जवळजवळ डोळ्यांसमोर येतात, मान वर करावी लागत नाही. ज्यांची मान दुखते त्यांच्यासाठी तर फारच चांगलं. ओसाकाच्या टांकसाळीच्या आवारातली दाट पाकळ्यांची झाडंही एप्रिलच्या मध्याला फुलतात. ती बघायला आता आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. मार्चच्या शेवटच्या आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातले दहा दिवस धरलेत तर कुठे ना कुठे फुलं सापडतीलच.

क्योटोत कियोमिझु देऊळ मात्र मी सोडलं. चढ आणि पायऱ्या, शिवाय त्या दिवसांत मुंगीला शिरायला जागा नसते. त्याऐवजी कामो नदीच्या काठी गेलो. इथून नेलेली घडीची स्टुलं होती, कारण जमिनीवर बसलं की आईला उठता येत नाही. ती स्टुलावर, मी चटईवर. वाऱ्याची झुळूक आली की पाकळ्या खाली यायच्या. आईने एक पाकळी तळहातावर घेऊन निरखली. टोकाला बारीकशी खाच होती. मग नाकाशी नेली आणि म्हणाली, "अगं, वासच नाही हिला." आमच्या कोकणातल्या घरापुढे प्राजक्ताचा सडा पडायचा, वासानेच जाग यायची. तिला तोच वास इथे हवा होता.

वास मिळाला तो दुसऱ्या दिवशी, साकुरामोचीत. तांदळाचा गुलाबी गोड गोळा, आत लाल चवळीसारख्या अझुकीचं पुरण, आणि वरून मिठात मुरवलेलं चेरीचं पान. फुलाला नाही तो वास मुरलेल्या पानाला येतो. आईने पान उलगडलं, हुंगलं आणि म्हणाली, "पातोळ्याच की या!" हळदीच्या पानातल्या पातोळ्या ती दर नागपंचमीला करते. फरक एवढाच की जपानमध्ये बरेच जण पानासकट खातात. आईनेही खाल्लं. तिच्यासाठी त्या सहलीतला सगळ्यांत आनंदाचा घास तो होता. शाकाहारी माणसाला बहुधा चालेल असा पदार्थ आहे.

बाकी जेवणात मात्र सावध राहा. मांस-मासा दिसत नसला तरी मिसो सूप, उदोन आणि सोबा नूडल्स, उकडलेल्या भाज्या यांत 'दाशी' असतो, म्हणजे बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाचं पाणी. "मासे चालत नाहीत" एवढं सांगून भागत नाही. दाशीही चालत नाही हे जपानीत लिहून फोनमध्ये ठेवा. आमचं खरं जेवण खोलीवर व्हायचं. कोपऱ्यावरच्या दुकानात शिजवलेल्या भाताची पाकिटं मिळतात, तिथेच गरम करून देतात, बिनसाखरेचं दहीही मिळतं. घरून मेतकूट, लसणाची चटणी, तूप आणि दशम्या नेल्या होत्या. ताजी फळं-भाज्या मात्र नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

सामान घेऊन गाडीत चढू नका. हॉटेलच्या काउंटरवर 'ताकुहाइबिन' सांगितलं की बॅगा परस्पर पुढच्या हॉटेलात जातात, टोकियोहून क्योटोला दुसऱ्या दिवशी पोचतात. एक दिवसाचे कपडे आणि आईंची औषधं तेवढी हातात ठेवा. टोकियो ते क्योटो नोझोमी या बुलेट ट्रेनने सव्वादोन तास लागतात. उजवीकडची खिडकी घ्या, आकाश स्वच्छ असेल तर बसल्या जागी फुजी दिसतो आणि फुजीसाठीचा वेगळा दिवस वाचतो. सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येन झाला, दोन शहरांसाठी तो परवडत नाही. क्योटोत बसपेक्षा टॅक्सी बरी. आणि गरम कपडे हवेतच, फुलांच्या दिवसांतली थंडी तिथे इतकी ठरलेली आहे की तिला 'हानाबिए' असा वेगळा शब्द आहे.

आता हिरोशिमाचं. तुमच्या आईंना खरंच तिथे जायचंय का, हे एकदा त्यांनाच विचारा. मी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "मला ओकायामा दाखव." आम्ही सिंहगड रस्त्यावर राहतो. तिथलं पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, हे जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून केलेलं आहे, आणि आई रोज सकाळी तिथे चालायला जाते. मूळ बाग कशी आहे हे तिला बघायचं होतं. माझ्या यादीत ती कुठेच नव्हती.

क्योटोहून नोझोमीने तासाभरात पोचतो. १७०० मध्ये पूर्ण झालेली ही बाग सपाट आहे, हिरवळी लांबरुंद, मधून पाणी खेळवलेलं, पलीकडे ओकायामाचा काळा किल्ला. चेरीची राई बागेतच आहे. र्युतेन नावाचा एक उघडा मंडप आहे, त्याच्या मधोमध दगडांतून ओढा वाहतो. आई त्याच्या कडेला पाय सोडून बसली. तिथे सकाळचे साडेदहा वाजले होते, म्हणजे पुण्यात सात. तिने मैत्रिणींना व्हिडिओ कॉल लावला. त्या पुण्याच्या बागेत चालत होत्या. आईने फोन पाण्याकडे वळवला, पलीकडून एक मैत्रीण म्हणाली, "अगं, हा तर आपलाच ओढा," आणि तिने तिचा फोन तिथल्या पाण्याकडे वळवला.