कंपनीत ऑर्डर कमी झाल्यात, पुढचं काय ते कोणालाच माहीत नाही, अशात टीमला मोटिव्हेट कसं ठेवायचं?

तुम्ही लिहिलंय की वरून कोणी काही सांगत नाही, हाताखाली दहा-बारा पोरं आहेत आणि एचआर म्हणतंय टीमचं मोरल सांभाळा. मी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉपला शिफ्ट बघतो, गाड्यांचे पार्ट करतो आम्ही, त्यामुळं ऑर्डरची ही वर-खाली आमच्या अंगवळणी पडलीय.

पहिलं म्हणजे भाषण बंद करा. ऑपरेटर काय येडा नसतो. कास्टिंगची गाडी आली नाही, बिना मालाची रॅक आहे, सेकंड शिफ्टला दोन मशीनचे लाईट बंद, हे तो तुमच्या आधी बघतोय. अशात तुम्ही 'आपण सगळे एक फॅमिली' म्हणालात की तो मान हलवणार आणि चहाच्या गाड्यावर जाऊन सांगणार, साहेब आज फॅमिली म्हणाले, आता आपलं काय खरं नाही.

गोड बोलण्यापेक्षा खरा आकडा सांगितलेला बरा, सांगलीतल्या माणसाला हे लगेच पटंल. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात इर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेलेली, धोक्याची पातळी तिथं ४५. त्या दिवसांत जो तो एकच विचारायचा, पातळी किती आणि कोयनेतनं किती सोडलंय. आकडा वाईटच होता, पण आकडा कळला की माणूस ठरवतो, सामान माळ्यावर टाकायचं का जनावरं घेऊन निघायचं. कामावर पण तसंच आहे.

म्हणून आठवड्याचा एक वार पक्का करा. आमच्याकडं सोमवारी शिफ्ट बदलताना, दोन्ही शिफ्टची माणसं असतात तेव्हा, दहा मिनिटं उभ्या-उभ्या. कस्टमरचं शेड्यूल किती आलं, कुठल्या मशीन चालणार, ओटी म्हणजे ओव्हरटाईम आहे का नाही, संपलं. जे माहीत नाही ते 'माहीत नाही, वर विचारलंय' असं सरळ म्हणायचं आणि पुढच्या सोमवारी त्याचं काय झालं ते न विचारता सांगायचं. सांगायला काही नसलं तरी उभं राहायचं, कारण तुम्ही एक सोमवार बुडवला की संध्याकाळपर्यंत चहाच्या गाड्यावर कंपनीला कुलूप लागलेलं असतं. त्यासाठी आधी तुमच्या प्लँट हेडला गाठून विचारा, मी पोरांना नेमकं काय सांगू शकतो. ते काम एचआरचं नाही, तुमचं आहे.

दुसरं, माणसाला मोटिव्हेशन नको असतं हो, त्याला पगाराची तारीख पाहिजे असते. आमच्यासारख्या कंपनीत पगार ७ तारखेच्या आत आणि पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, आणि पोरं आता पासबुक फोनवर बघतात, एका महिन्याची एंट्री दिसली नाही की तुमचं सगळं बोलणं वाया. उशीर होणार असंल तर आधी सांगा. आमच्यातला एक जुना लेथवाला सारखा विचारायचा, काढलं तर हातात काय येणार? जेवणाच्या सुट्टीत त्याला जॉब कार्डच्या मागं ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचा, हिशोब मांडून दिला, शेवटचा महिन्याचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. त्यानं दोनदा कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, कार्ड घडी करून डब्याच्या पिशवीत टाकलं आणि म्हणाला, मग पाच वर्षं न झालेल्या पोरांचं काय? बाकीची पोरं पण जवळ सरकली. पर्मनंट पोराला साधारण पाच वर्षांशिवाय ती मिळत नाही हे पण तिथंच सांगून टाकलं, गोड बोलून काय उपयोग.

ओटी बंद झाली की फटका सगळ्यांना सारखा बसत नाही हे पण ध्यानात ठेवा. एकाचा गावाकडं एकरभर ऊस असतो, दुसरा खोलीभाडं आणि गाडीचा हप्ता ओटीवरच काढत असतो. असंल नसंल ती ओटी पाळीनं वाटा, यादी बोर्डावर लावा. मर्जीतल्यांना दिली की झालंच मग.

रिकाम्या वेळात नुसतं झाडायला आणि रंग द्यायला लावू नका, दोन दिवस चालतं, तिसऱ्या दिवशी माणसाला वाटतं आपण फालतू झालो. साध्या लेथवरच्याला सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, उभा करा, ऑफसेट कसा टाकायचा, टूल कसं सेट करायचं, ड्रॉइंग कसं वाचायचं. मालक म्हणतात शिकवलं की पोरगं दुसरीकडं जातं. जाईल की! पण राहिलं तर ऑर्डर परत आल्यावर तुम्हाला माणूस शोधत फिरावं लागत नाही.

'तुझी नोकरी जाणार नाही, मी आहे ना' हे मात्र कोणाला म्हणू नका, अगदी जवळच्याला पण नाही. सही तुमच्या हातात नाही.

आणि कोणी दुसरीकडं इंटरव्ह्यूला जातोय असं कळलं तर तोंड वाकडं करू नका, सुट्टी द्या. गेलाच तर त्याचा अनुभवाचा दाखला आणि हिशोब अकाउंटवाल्यांच्या मागं लागून वेळेत काढून द्या, नव्या वेतन संहितेत तर दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशोब चुकता करायचा नियमच आहे. मागं राहिलेले नऊ-दहा जण बाकी काही नाही, तेवढंच बघत असतात.