कुरवाच्या (सीगलच्या) पायातली रिंग कशी वाचावी?

प्रश्न : किनाऱ्यावर हिवाळ्यात उतरलेल्या कुरवांपैकी एकाच्या पायात अभ्यासक ओळखीसाठी घालतात ती रंगीत रिंग दिसली, पण अक्षरे लागली नाहीत. काय करावे?

उत्तर : भरती चढू लागली की थवा किनाऱ्याकडे सरकतो. तेव्हा ऊन पाठीशी घेऊन स्पॉटिंग स्कोप (तिकाटण्यावरची एकनळी दुर्बीण) लावा. रिंगचा रंग, अक्षरांचा रंग आणि रिंग कोणत्या पायात आहे ते टिपा. डावा पाय म्हणजे पक्ष्याचा डावा; तो तुमच्याकडे तोंड करून उभा असला की इथेच हमखास गफलत होते. संकेत, म्हणजे रिंगवरची अक्षरे-आकडे, बहुधा खालून वर वाचायचा असतो आणि रिंगभोवती पुन्हा पुन्हा कोरलेला असतो, म्हणून पक्षी वळेपर्यंत फोटो काढत राहा. चिखल लागला की ८ चा ३ दिसतो. शंकास्पद अक्षर अंदाजाने अजिबात भरू नका, प्रश्नचिन्ह ठेवा. फोटो, तारीख आणि ठिकाण पक्ष्यांना रिंग घालून अभ्यास करणाऱ्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा.