फोन आणि कंपनी दोन्ही बदलताय? आधी रेंज बघा

दादा, मॉडेल नंतर ठरवा. आधी घरात रेंज कुणाची येते ते बघा. शेजाऱ्याचं सिम तासभर मागून घ्या आणि स्वयंपाकघरातून फोन लावून पाहा. मी स्वस्त पॅकला भुललो आणि वर्षभर गच्चीत जाऊन बोललो!

सिमची कंपनी बदलली तरी नंबर तोच राहतो. इंग्रजीत 'पोर्ट', जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवा. उत्तरात येणारा कोड नव्या कंपनीला द्यायचा; तो महाराष्ट्रात ४ दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण हवेत.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- बँकेचं काम असेल त्याच दिवशी सिम बदलणं. मध्ये काही तास फोन बंद, ओटीपी येणार कुठून?
- जुना फोन बॅकअप न घेताच विकणं.
- सेकंडहँड घेताना *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) खोक्याशी न जुळवणं.

रॅम-प्रोसेसरचं पुढे बोलू. बजेट किती आहे?