गाडी नंबरातला एक आकडा

"चूक कबूल केली तर नोकरी जाईल ना?" पहिल्याच नोकरीत चटका बसलेली, माझ्याकडे सल्ल्याला येणारी मुलं हे हमखास विचारतात. त्यातल्या एकाची ही हकिगत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून.

मुलगा बीकॉम झालेला, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचला. आई घेऊन आली. "जेवंना झालाय मॅडम, नोकरी सोडतो म्हणतोय."

भिवंडीला निघालेल्या मालाच्या ई-वे बिलात, म्हणजे माल वाहून नेताना जीएसटीसाठी लागणाऱ्या ऑनलाइन कागदात, त्यानं गाडी नंबरचा एक आकडा चुकवला होता. गाडी निघाल्यावर तासाभरात ते त्याच्या लक्षातही आलं. पोर्टलवर गाडीच्या तपशिलाच्या भाग 'ब'मध्ये नंबर दुरुस्त करायला पाच मिनिटं पुरली असती. पण मालक ओरडतील म्हणून तो गप्प बसला. वाटेत तपासणीत गाडी अडली, रात्रभर उभी राहिली. एक-दोन आकड्यांच्या अशा चुकीला 2018 च्या जीएसटी परिपत्रकानुसार दंड एकूण हजार रुपये. माल जप्त होत नाही. मालकांनी विचारल्यावर मात्र हा म्हणाला, "ड्रायव्हरनंच नंबर चुकीचा सांगितला." ड्रायव्हरचे भाड्यातून पैसे कापले गेले.

माझ्यासमोर तो सारखा म्हणत होता, "मी नालायकच आहे." अशा वाक्यांना मी फार दाद देत नाही. स्वतःला शिव्या घातल्या की प्रायश्चित्त घेतल्यासारखं वाटतं, पण ड्रायव्हरचे पैसे काही परत मिळत नाहीत.

मी विचारलं, "टायपिंगची चूक कुणाचीही होते. त्यानंतर तू काय काय केलंस?" बराच वेळ खाली बघून म्हणाला, "गप्प बसलो. मग खोटं बोललो." तिथून पुढं आमचं बोलणं सरळ झालं.

मालकांशी काय बोलायचं ते त्यानं माझ्यासमोरच लिहून काढलं. पहिल्या खर्ड्यात "कामाचा लोड होता", "कुणी शिकवलं नाही" असं बरंच होतं. खरंही असेल. पण ते दुसऱ्या दिवशी बोल, म्हटलं. आज फक्त काय झालं, मी काय लपवलं, ड्रायव्हरचे पैसे कसे देणार, एवढंच. नोकरी राहीलच, अशी हमी मात्र मी दिली नाही. कशी देणार?

सगळं ऐकून मालक तडकले. दोन हप्त्यांत मुलाच्या पगारातून पैसे कापायचं ठरलं. नोकरी राहिली. ड्रायव्हरनं माफीबिफी मनावर घेतली नाही, पुढच्या खेपेला नंबरप्लेटचा फोटो स्वतःच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला आणि म्हणाला, "आता ह्यात बघून टाईप कर."